घरट्यातले पंधरा दिवस आणि पिलाच्या चोचीतली अळी

चिमणी दाणे खाते हे खरे असले, तरी तिचे पिलू दाण्यावर वाढत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अनेक गावांत उन्हाळा लागला की चिमण्यांसाठी गच्चीवर बाजरी, तांदळाची कणी आणि पाण्याचे भांडे ठेवण्याची चांगली सवय अलीकडे रुजली आहे. त्यातल्या पाण्याचा उपयोग मोठा आहे; बाजरीने मात्र केवळ मोठ्या पक्ष्यांचे पोट भरते. घरट्यात पिले असताना तीच चिमणी दाण्याकडे पाठ फिरवून निंबाच्या पानांत, बांधावरच्या गवतात आणि उकिरड्याच्या कडेला अळ्या, लहान नाकतोडे, मावा आणि कोळी शोधत हिंडते. सुगरणही एरवी दाणे टिपणारी, पण पिलांना ती आधी किडेच भरवते. कोतवाल, वेडा राघू, दयाळ, शिंपी, राखी वटवट्या हे तर मोठेपणीही प्रामुख्याने किड्यांवरच जगणारे पक्षी आहेत. त्यामुळे तापी-गिरणेच्या खोऱ्यातील शेतशिवारात वाढणाऱ्या बहुतेक लहान पाखरांचे बालपण किड्यांच्या उपलब्धतेवर अवलंबून असते, असे म्हणायला हरकत नाही. पारवा आणि होला हे ठळक अपवाद आहेत. त्यांच्या गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून दुधासारखा प्रथिनयुक्त पदार्थ तयार होतो आणि तोच ते पिलांना भरवतात. शहरात चिमणी कमी होत असताना पारवे मात्र वाढत जातात, यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

किड्यांची एवढी गरज का पडते, हे समजण्यासाठी पिलाच्या वाढीचा वेग पाहावा लागतो. अंड्यातून बाहेर आलेले चिमणीचे पिलू दोन-अडीच ग्रॅम वजनाचे, उघडे, आंधळे आणि स्वतःच्या शरीराचे तापमान राखता न येणारे असते. साधारण चौदा ते सोळा दिवसांत ते घरटे सोडते, तेव्हा त्याचे वजन वीस ग्रॅमच्या पुढे गेलेले असते आणि अंगावर उडण्याजोगी पिसे असतात. ही वाढ सारख्या गतीने होत नाही. पहिले दोन-तीन दिवस ती संथ असते, मग मधले पाच-सहा दिवस वजन झपाट्याने चढते आणि शेवटी वेग मंदावून शरीराची शक्ती पिसे आणि स्नायू पक्के करण्याकडे वळते. पहिल्या काही दिवसांत आतडे, यकृत आणि पाय ही अंगे बाकीच्या शरीराच्या मानाने पुढे असतात, कारण अन्न पचवता आले आणि मान उंचावून चोच उघडता आली, तरच पुढचे सगळे शक्य होते. पायाच्या नळीचे हाड घरटे सोडण्याआधीच जवळजवळ पूर्ण लांबीचे होते, आणि त्या काळात ते आखूड राहिले तर पुढे कितीही खायला मिळाले तरी ते वाढत नाही. चरबी आणि वजन नंतर भरून निघते, हाडाची लांबी निघत नाही. केळीला खताचे हप्ते ज्या त्या महिन्यातच द्यावे लागतात, घड निसवल्यावर एकदम सगळे खत टाकून उपयोग नसतो. पिलाच्या आहाराचे गणितही याच प्रकारचे आहे.

या वाढीसाठी लागणारा पहिला घटक म्हणजे प्रथिने. किड्याच्या शरीरातले पाणी वगळले, तर उरलेल्या भागाचा निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा बहुधा प्रथिनांचा असतो. बाजरी, ज्वारी, तांदूळ यांत हे प्रमाण साधारण सात ते बारा टक्क्यांच्या घरात असते, आणि त्यातही लायसिनसारखे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. पिसांचा प्रश्न तर त्याहून नाजूक आहे. पीस जवळपास संपूर्णपणे केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते आणि केराटिन तयार करायला गंधकयुक्त अमिनो आम्ले, म्हणजे सिस्टीन आणि मेथिओनिन, मोठ्या प्रमाणात लागतात. पिसे फुटण्याच्या आठवड्यात ती अपुरी पडली, की पीस थांबत नाही, पण कमकुवत होते. वाढत्या पिसावर आडव्या फिकट रेषा उमटतात, त्या ठिकाणी पीस पातळ असते आणि पुढे तिथूनच मोडते. अशी पिसे घेऊन घरटे सोडलेले पाखरू नीट उडू शकत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात शिक्रा, मांजर किंवा कावळा त्याला गाठतो. पोषणाच्या कमतरतेने झालेला मृत्यू अनेकदा असा शिकारीच्या खात्यावर जमा होतो.

दुसरा घटक पाणी आहे, आणि खानदेशात तो सहज विसरता येत नाही. घरट्यातले पिलू पाणी पीत नाही. त्याला मिळणारे जवळजवळ सगळे पाणी अन्नातून येते. मऊ अळीच्या वजनाचा बराच मोठा भाग पाण्याचा असतो, तर कोरड्या दाण्यात तो दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ आणि जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बिळात किंवा पत्र्याच्या वळचणीखाली बसलेले पिलू उघड्या चोचीने धापा टाकत शरीरातले पाणी गमावत असते. त्याच वेळी आईबापही उन्हामुळे सावलीत बसून राहतात, त्यांच्या खेपा कमी होतात आणि किडेही पानाआड व जमिनीत दडतात. दक्षिण आफ्रिकेतील कलाहारीच्या कोरड्या प्रदेशात खाटीक पक्ष्याच्या पिलांचा अभ्यास झाला आहे. अधिक उष्ण दिवसांना तोंड दिलेल्या पिलांचे पाय आखूड राहिले आणि त्यांना घरटे सोडायला जास्त दिवस लागले, असे त्यात आढळले. खाटीक आपल्याकडेही बाभळीच्या काट्यांवर भक्ष्य टोचून ठेवणारा ओळखीचा पक्षी आहे, आणि खानदेशातला उन्हाळा कलाहारीपेक्षा सौम्य नाही.

आता पचनाकडे वळू. कोवळ्या पिलाचे आतडे अन्न अर्धवटच पचवते. म्हणूनच चिमणी किंवा दयाळ पहिल्या दिवसांत पिलाची विष्ठा, जी एका पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली असते, ती स्वतः गिळून टाकताना दिसतात. त्यात अजून अन्नांश शिल्लक असतो, आणि घरटेही स्वच्छ राहते. पिले मोठी झाली की ती पिशवी दूर नेऊन टाकली जाते. किड्याचे कठीण कवच कायटिन नावाच्या पदार्थाचे असते आणि त्यातून पिलाला फारसे काही मिळत नाही, म्हणून भक्ष्याची निवड आणि तयारी दोन्ही महत्त्वाची ठरतात. नाकतोड्याच्या मागच्या काटेरी तंगड्या आणि पंख आधी झटकून काढले जातात. वेडा राघू मधमाशी फांदीवर आपटून आणि घासून तिची नांगी आणि विष काढून टाकतो. अगदी लहान पिलांना मऊ आणि बारीक भक्ष्य मिळते, आणि जसजशी चोच रुंदावते तसतसे भक्ष्य मोठे आणि कठीण होत जाते. चिमणीच्या पिलांवरील प्रयोगांत आणखी एक रोचक गोष्ट दिसून आली आहे: अन्नात पिष्टमय पदार्थ येऊ लागले, की पिलाच्या आतड्यात ते पचवणारी विकरे वाढतात. म्हणजे दाणा पचवण्याची क्षमता पिलात असते, पण ती हळूहळू, आहाराच्या सोबतीने तयार होते. पहिल्या दिवसापासून दाणा भरवला तर तो पचवायला तिथे पुरेसे काही नसते.

एवढ्यावरून असे वाटेल की मऊ अळी म्हणजे पिलाचे आदर्श अन्न, आणि बहुतांशी ते बरोबर आहे. परंतु केवळ अळी पुरत नाही. युरोपातील ब्लू टिट या लहान पक्ष्याचे आईबाप सुरवंटांची रेलचेल असतानाही पिले पाचेक दिवसांची असताना मुद्दाम अधिक कोळी आणतात, असे निरीक्षण होते. कोळी शोधायला वेळ अधिक लागतो, मग हा उपद्व्याप कशासाठी? त्याचे उत्तर टॉरीन नावाच्या संयुगात सापडले. कोळ्यांत ते सुरवंटांच्या तुलनेत कितीतरी पटींनी जास्त असते, आणि मेंदू व डोळ्यांच्या घडणीशी त्याचा संबंध आहे. स्कॉटलंडमधील संशोधकांनी काही पिलांना जादा टॉरीन देऊन पाहिले, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ती पिले मोठेपणी नव्या वस्तूंना कमी बिचकणारी आणि अन्नाची जागा लक्षात ठेवण्यात अधिक सरस निघाली. शेताच्या बांधावर जाळी विणणाऱ्या कोळ्यांना आपण पिकाचे मित्र म्हणून ओळखतो. पाखरांच्या पिलांच्या दृष्टीनेही ते साधेसुधे भक्ष्य नाही.

कॅल्शियमची गोष्ट आणखी वेगळी आहे. किड्यांना हाडे नसतात, त्यामुळे बहुतेक किड्यांत कॅल्शियम अगदी थोडे आणि फॉस्फरस त्यापेक्षा जास्त असतो. वाढत्या हाडाला हे प्रमाण उलटे हवे असते. केवळ अळ्या खाऊन पिलाची हाडे ठिसूळ आणि वाकडी होऊ शकतात. म्हणून पक्षी गोगलगायीच्या शंखाचे तुकडे, अंड्याची टरफले, चुनखडीचे बारीक खडे मुद्दाम शोधून आणतात. नेदरलँड्समध्ये आम्लयुक्त पावसामुळे काही जंगलांच्या मातीतला चुना कमी झाला, गोगलगायी घटल्या आणि तिथल्या ग्रेट टिट पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची होऊ लागली. १९९४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. खानदेशातल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे भरपूर असल्याने ही अडचण इथे त्या रूपात येण्याची शक्यता कमी आहे. घरातली अंड्याची टरफले भाजून, चुरून दाण्याच्या ताटलीशेजारी ठेवावीत, या सल्ल्याला मात्र आधार आहे, आणि अंडी घालणाऱ्या मादीलाही त्याचा फायदा होतो.

पाण्यातून निघणाऱ्या किड्यांचा मुद्दा याहून कमी परिचित आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्री स्वॅलो या भिंगरीच्या पिलांवर केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही पिलांना लांब साखळीच्या ओमेगा-३ स्निग्ध आम्लांनी समृद्ध आणि काहींना ती कमी असलेले अन्न देण्यात आले, आणि दोन्ही गटांत अन्नाचे प्रमाणही कमी-जास्त ठेवण्यात आले. समृद्ध अन्न थोडे मिळालेली पिले निकृष्ट अन्न भरपूर मिळालेल्या पिलांपेक्षा चांगली वाढली. ही स्निग्ध आम्ले मुख्यतः पाण्यातल्या शेवाळात तयार होतात आणि पाण्यात वाढलेल्या चिलटांतून, माश्यांतून पुढे पक्ष्यांपर्यंत पोहोचतात. कोरड्या जमिनीवरच्या किड्यांत ती फार कमी असतात. हतनूरच्या जलाशयावर किंवा गिरणेच्या डोहावर संध्याकाळी चिलटांचे थवे उठतात, आणि पुलाखाली घरटी केलेल्या भिंगऱ्या त्यांत घिरट्या घालत असतात. त्या दृश्याचा अर्थ या प्रयोगानंतर नव्याने लक्षात येतो. पाझर तलाव आणि नाले उन्हाळ्यात कोरडे पडले की पाण्याबरोबर अन्नाचा हा खास प्रकारही त्या परिसरातून जातो.

आईबापांच्या बाजूने पाहिले, तर हे सगळे वेळेच्या हिशोबात बसवावे लागते. लहान कीटकभक्षी पक्ष्यांत पिलांच्या ऐन वाढीच्या दिवसांत नर-मादी मिळून दिवसाला शेकडो खेपा करतात. घरट्यापासून भक्ष्याची जागा जितकी दूर, तितकी प्रत्येक खेप महाग पडते, आणि लांबून यायचे असेल तर एक लहान मावा आणण्यापेक्षा मोठी अळी आणणेच परवडते. जवळपास चांगले भक्ष्य मिळाले नाही की आईबाप हाताशी येईल ते आणू लागतात: मुंग्या, भाताची शिते, पावाचे तुकडे. इंग्लंडमधील लेस्टर शहरातील चिमण्यांच्या अभ्यासात ज्या पिलांच्या आहारात वनस्पतिजन्य पदार्थ किंवा मुंग्या जास्त होत्या, त्यांची शरीरस्थिती निकृष्ट आढळली. पोट भरलेले होते. भरले कशाने हा प्रश्न होता. सगळ्या पिलांना पुरेल एवढे मिळत नसेल तर आधी बाहेर आलेले, मोठे पिलू सर्वांत उंच मान करून घास घेते आणि शेवटचे पिलू मागे पडून मरते. अनेक जातींत मादी सगळी अंडी पूर्ण होण्यापूर्वीच उबवायला बसते, त्यामुळे पिले एकदोन दिवसांच्या फरकाने बाहेर येतात आणि टंचाईच्या वर्षी निदान थोरली तरी वाचतात. माणसाच्या नजरेला हे क्रूर वाटते, पण सर्वांना अन्न सारखे वाटून दिले असते तर कदाचित एकही जगले नसते.

खानदेशात या पक्ष्यांची दोन वेळापत्रके दिसतात. वेडा राघू, नीलपंख, कोतवाल हे साधारण मार्च ते जून या काळात घरटी करतात. वेडा राघू नदीनाल्यांच्या मातीच्या कडांत बिळे खोदतो, आणि त्याचे भक्ष्य म्हणजे मधमाश्या, गांधीलमाश्या, चतुर असे उडते किडे, जे उन्हातही हवेत असतात. सुगरण आणि वटवट्या पावसाची वाट पाहतात. मृगाच्या सरींनंतर गवत उगवते, त्यावर अळ्या आणि नाकतोडे येतात, आणि त्यांची रेलचेल होते तेव्हा घरट्यात पिले असतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरे जमिनीतून बाहेर पडतात, तेव्हा कोतवालापासून चिमणीपर्यंत सगळे त्यांवर तुटून पडतात. ही पाखरे चरबीने भरलेली असल्याने पिलांना ऊर्जा भरपूर मिळते, पण ती मेजवानी एकदोन संध्याकाळींची असते. वाढीचा रोजचा भार गवतावरच्या अळ्या आणि नाकतोडेच उचलतात. पाऊस पंधरा दिवस लांबला, किंवा आला आणि मग मोठी उघडीप पडली, तर पिलांची भूक आणि किड्यांची भर यांची गाठ चुकते.

नेमक्या याच महिन्यांत कपाशीवर फवारण्या सुरू होतात. बीटी कापूस २००२ साली आला तेव्हा बोंडअळीवरची फवारणी घटेल अशी अपेक्षा होती आणि सुरुवातीला ती काही प्रमाणात घटलीही. परंतु तुडतुडे, मावा, पांढरी माशी, फुलकिडे या रसशोषक किडींसाठीच्या फवारण्या सुरूच राहिल्या आणि पुढे गुलाबी बोंडअळीनेही बीटीला दाद देणे सोडले. ती बोंडाच्या आत राहत असल्याने पक्ष्यांनाही ती सहज सापडत नाही. बियाण्यावर लावून येणारे इमिडाक्लोप्रिडसारखे औषध रोपाच्या रसात भिनते आणि त्याचा काही भाग माती-पाण्यात उतरतो. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या भागांत पाण्यातील इमिडाक्लोप्रिडचे प्रमाण लिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर होते, तिथे कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या वर्षाला सरासरी ३.५ टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले. कीटकनाशकाचा थेट विषारी परिणामही होतो. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात मोनोक्रोटोफॉसने मारलेले नाकतोडे खाऊन स्वेन्सन्स हॉक जातीचे हजारो शिकारी पक्षी मेले. आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले औषध तेच. तरीही पिलांच्या बाबतीत मला उपासमार अधिक चिंतेची वाटते, कारण तिचे प्रेत शेतात दिसत नाही. फवारणीनंतरच्या आठवड्यात अळ्यांबरोबर कोळीही जातात, आणि ज्या घरट्यात त्या आठवड्यात पिले पाच ते दहा दिवसांची असतील, त्यांचा वाढीचा मुख्य काळ संपून जातो. म्हणून पिकात पक्षीथांबे लावण्याची शिफारस हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी चांगली असली, तरी थांब्यावर बसणाऱ्या कोतवालाची पिले वाढवायला बांधावरचे न फवारलेले गवत, बोर, बाभूळ आणि निंब लागतात. बांध तणनाशकाने साफ करण्याची पद्धत इथे आड येते.

लहानपणीच्या उपासमारीचे परिणाम घरट्यापुरते राहत नाहीत. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूतले गाणे शिकण्याचे भाग पहिल्या काही आठवड्यांत घडत असतात, आणि त्या काळात अन्न कमी मिळालेल्या नरांची गाण्याची नक्कल कमी अचूक होते, असे अमेरिकेतील स्वॅम्प स्पॅरोवरील प्रयोगांत आढळले. झेब्रा फिंचमध्ये तर असेही दिसले की कमी पोसलेल्या पिलांनी नंतर चांगल्या अन्नावर भराभर वाढून इतरांची बरोबरी गाठली, पण ही घाईची वाढ जितकी जास्त, तितकी त्यांची मोठेपणीची शिकण्याची गती मंद राहिली. दयाळाचा नर पहाटे निंबाच्या शेंड्यावरून घालत असलेली शीळ म्हणजे त्याच्या घरट्यातल्या दिवसांचा लेखाजोखा असू शकतो, आणि मादीने तो ऐकून जोडीदार निवडणे मग तर्काला धरूनच ठरते.

वादळी पावसात घरटे पडून पिलू घरात आणले जाते, तेव्हा हे सगळे ज्ञान व्यवहारात लागते. दूध-पोळी, दूध-भात, ब्रेड भरवणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे, आणि तो मायेपोटीच होतो. पक्ष्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. भात-पोळीने पोट फुगते आणि हाडे-पिसे मात्र उपाशी राहतात. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडले तर ते श्वासनलिकेत जाऊन पिलू दगावू शकते. पिलाच्या अंगावर पिसे फुटली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर बहुधा त्याने घरटे नुकतेच सोडलेले असते आणि आईबाप जवळपासच असतात. चिमणीसारखे पक्षी घरटे सोडल्यानंतरही आठवडा-दोन आठवडे पिलांना भरवत राहतात, तेव्हा मांजराच्या तोंडी लागणार नाही अशा झुडपात ते ठेवून लांब उभे राहणे पुरेसे ठरते. उघडे, बिनपिसांचे पिलू असेल आणि घरटे सापडत असेल, तर ते परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकून देतात ही समजूत खरी नाही. घरटे उरलेच नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि मदत येईपर्यंत पिलाला कापडी चिंध्यांच्या उबेत, अंधाऱ्या खोक्यात ठेवावे.